बालीतील लग्न आणि पाहुण्यांचा प्रवास : यजमानांनी काय काय पाहावे

तगर

परदेशात लग्न करायचे ठरले की घरातली बोलणी हॉटेल, सजावट, कपडे आणि छायाचित्रे यांच्याभोवती फिरू लागतात, आणि पाहुणे तिथवर कसे पोहोचतील हा प्रश्न ‘तिकिटे काढून येतील’ एवढ्यावर निकालात निघतो. पाहुण्यांच्या दृष्टीने मात्र तोच सर्वांत मोठा प्रश्न असतो. माझ्या भाचीचे लग्न मे महिन्यात बालीतील नुसा दुआ येथे झाले. मुलीकडची मंडळी पुणे, सातारा आणि कोल्हापूरची, मुलाकडची नागपूरची, आणि दोन्हीकडचे काहीजण अमेरिकेतून व दुबईहून आलेले. प्रवासाची सगळी बाजू माझ्याकडे होती. त्यातून जे कळले ते इथे सविस्तर मांडते, म्हणजे ज्यांच्या घरी असे कार्य ठरले आहे त्यांना त्याचा उपयोग होईल.

माझे म्हणणे एकच आहे : सगळे नियोजन सर्वांत कमी प्रवास केलेल्या पाहुण्याला डोळ्यांपुढे ठेवून करावे. वर्षातून दोनदा परदेशी जाणारा चुलतभाऊ कुठूनही येईल. ज्या आत्याबाईंनी आजवर विमानाची पायरी चढलेली नाही, त्यांना वाटेत कुठेही एकटे, गोंधळलेले किंवा ओशाळे वाटणार नाही अशी व्यवस्था झाली, तर बाकीच्यांची आपोआप होते.

पहिला विषय पैशांचा, आणि तो पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहावा. आपल्याकडे लग्नाला बोलावणे म्हणजे राहण्याजेवण्याची जबाबदारी यजमानांची, हे गृहीत असते. परदेशातील लग्नात ते गृहीत तसेच राहते, पण विमानाच्या तिकिटाचे काय, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. मग कोणी सोसत नसताना कर्ज काढून येतो, तर कोणी खोटे कारण सांगून टाळतो. आम्ही पत्रिकेच्या कितीतरी आधी एक साधे पत्र पाठवले. त्यात लिहिले होते : ‘विमानाचे तिकीट, व्हिसा आणि विमा यांचा खर्च आपण करावा, अशी विनंती आहे. तीन रात्रींचा मुक्काम, भोजन आणि विमानतळावरून ने-आण आमच्याकडे आहे. आहेर कृपया आणू नये. येणे जमणार नसेल तर मनात कोणताही किंतु न ठेवता कळवावे. पुण्यात स्वागतसमारंभ ठरवलेला आहे आणि तिथे आपण हवेच आहात.’ शेवटचे वाक्य आम्ही फार विचार करून घातले. नकार देण्याची वाट मोकळी ठेवली की होकार मनापासून येतो.

दुसरा विषय तारखेचा. आपला मुहूर्तांचा काळ आणि बालीचे हवामान यांचा मेळ नीट बसत नाही. तिथे साधारण नोव्हेंबर ते मार्च पावसाळा आणि एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ. म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरचे, आपल्याकडे सर्वांच्या आवडीचे मुहूर्त तिथल्या पावसात येतात, आणि तिथले जुलै-ऑगस्टचे सुंदर, कोरडे दिवस आपल्या चातुर्मासात जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात, त्यामुळे ज्यांच्या घरी दहावी-बारावीचे मूल आहे ते येऊच शकत नाहीत. उरतो एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीचा काळ. तेव्हा शाळांना सुटी असते, मुहूर्त असतात आणि तिथे आकाशही मोकळे असते. सुटीमुळे तिकिटे महाग असतात हे खरे, पण तारीख लवकर ठरली तर तो भार बराच कमी होतो.

तारखेबाबत आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बालीत शक संवत्सराच्या पहिल्या दिवशी न्येपी हा मौनाचा दिवस पाळतात. त्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत रस्त्यावर कोणी येत नाही, दिवे मंद ठेवतात आणि देनपसारचा, म्हणजे बालीचा, विमानतळही पूर्ण चोवीस तास बंद असतो. हा शक म्हणजे आपलाच शालिवाहन शक, त्यामुळे न्येपी गुढीपाडव्याच्या आसपासच येते. २०२५ मध्ये न्येपी २९ मार्चला आणि पाडवा ३० मार्चला होता. २०२६ मध्ये दोन्ही १९ मार्चला, शके १९४८ च्या आरंभी आले. साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून कोणी पाडव्याच्या आगेमागे बालीत कार्य योजले, तर पाहुणे एक दिवस हॉटेलबाहेर पाऊल टाकू शकणार नाहीत, हे आधी जाणून घ्यावे. दिवस अतिशय सुंदर असतो. फक्त तो येण्याजाण्याचा नव्हे.

तिसरा विषय पासपोर्टचा, आणि इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. तारीख ठरताच प्रत्येक घरी दूरध्वनी करून पासपोर्ट हातात घेऊन बसायला सांगावे आणि तीन गोष्टी वाचून घ्याव्यात : संपण्याची तारीख, नाव आणि पुस्तिकेची अवस्था. इंडोनेशियात पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. पासपोर्टवरचे नाव आणि तिकिटावरचे नाव अक्षरशः एक हवे; आपल्याकडे स्त्रियांची माहेरची आणि सासरची अशी दोन नावे वेगवेगळ्या कागदांवर असतात, तिथे हमखास घोळ होतो. आणि पुस्तिका फाटकी, भिजलेली, शिवण सुटलेली नसावी. बालीत खराब पासपोर्टवरून प्रवेश नाकारल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे विमान कंपन्या निघतानाच अडवतात. कपाटातील सामानाखाली वर्षानुवर्षे दबलेल्या पासपोर्टचे कोपरे पावसाळ्यात ओल धरतात, पाने एकमेकांना चिकटतात. तो बदलून घेणेच बरे.

भाचीला लहानपणापासून सांभाळणाऱ्या मावशींना नेण्याचे ठरले तेव्हा आणखी एक नियम समजला. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे देशाबाहेर जाताना तपासणी आवश्यक, असा शेरा येतो, आणि ज्या १८ देशांना तो लागू आहे त्यांत इंडोनेशियाही आहे. पर्यटनासाठी जाणाऱ्याला वेगळी परवानगी लागत नाही, पण खिडकीवरचा अधिकारी परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि जाण्याचे कारण विचारतो. वयाची ५० वर्षे पूर्ण झालेल्यांना ‘ईसीआर’ शेऱ्याविना पासपोर्ट मिळतो. मावशींच्या पिशवीत आम्ही सर्व कागद एका पारदर्शक पाकिटात घातले, त्यांच्यासोबत रांगेत उभा राहणारा माणूस नेमला, आणि काय विचारतील हे घरी दोनदा बोलून घेतले. त्या निर्धास्तपणे पुढे गेल्या.

व्हिसा तुलनेने सोपा आहे. भारतीयांना तिथे पोहोचल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. त्याचे शुल्क ५,००,००० इंडोनेशियन रुपिया, म्हणजे आपले साधारण अडीच ते तीन हजार रुपये. तोच आधी ऑनलाइन काढता येतो आणि ज्येष्ठांसाठी तो आधी काढलेलाच चांगला. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांत प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून १,५०,००० रुपिया पर्यटन शुल्क घेतो. ते वेगळे भरावे लागते. या दोन्हींची नक्कल करणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत आणि ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. खऱ्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट गो डॉट आयडी’ ने संपतो, एवढे पाहुण्यांना ठळक अक्षरांत कळवावे.

तिकिटे, औषधे, खाणेपिणे यांविषयी प्रतिसादांत लिहिते. ज्यांना अनुभव आहे त्यांनीही अवश्य भर घालावी.

दर्यावर्दी

तगरताई, उत्तम धागा. मी सिंगापुरात राहतो आणि बालीकडे जाणारे मराठी कुटुंबांचे घोळके इथल्या विमानतळावर नेहमी पाहतो, म्हणून तिकिटांविषयी लिहितो.

बंगळूरहून बालीला थेट विमान २०२४ मध्ये सुरू झाले आणि दिल्लीहूनही थेट सेवा आहे. पण पुणे, नागपूर, कोल्हापूर अशा ठिकाणचे बहुतेक लोक सिंगापूर, क्वालालंपूर किंवा बँकॉकमार्गे जातात. अशा वेळी मुंबई ते बाली हे सगळे एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असले पाहिजे. दोन स्वस्त तिकिटे वेगवेगळी घेतली की मधल्या विमानतळावर सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते, त्यासाठी इमिग्रेशन ओलांडावे लागते, आणि सिंगापुरात इमिग्रेशन ओलांडायला भारतीयांना व्हिसा लागतो. तो नाही म्हणून पहिल्याच विमानात चढू न दिलेली माणसे मला माहीत आहेत. क्वालालंपूरला भारतीयांना सध्या व्हिसाची सूट आहे, त्यामुळे तिथे ही अडचण कमी, तरी दोन टर्मिनलांमधले अंतर विसरू नये. बँकॉकमध्ये तर दोन वेगळे विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणाहून उडणारे तिकीट वाहतुकीच्या गर्दीत ज्येष्ठांसाठी अजिबात योग्य नाही.

दुसरे असे की एकाच तिकिटावर असताना पहिले विमान उशिरा पोहोचले तर पुढची व्यवस्था करणे ही कंपनीची जबाबदारी असते. वेगळ्या तिकिटांवर ती तुमची. लग्नाच्या आदल्या दिवशी हा फरक फार मोठा ठरतो. म्हणून माझा आग्रह असा की हळदीच्या किमान एक पूर्ण दिवस आधी सर्वांनी पोहोचावे.

अबोली

ताई, आमच्या घरीही पुढच्या वर्षी असेच कार्य आहे. आई ७८ वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, आणि ती शुद्ध शाकाहारी आहे. कांदा-लसूण चालतो, पण अंडेही चालत नाही. स्थळ अजून ठरलेले नाही. मुलांना उलुवातूचा समुद्रकडा आवडला आहे. तिच्या दृष्टीने काय पाहावे?

तगर

अबोली, स्थळ ठरलेले नाही हे बरेच झाले. उलुवातूची ठिकाणे कड्यावर आहेत आणि देखावा विलक्षण आहे, पण तिथे जागोजागी पायऱ्या असतात. काही ठिकाणी खोलीपासून मांडवापर्यंत आणि मांडवापासून समुद्रापर्यंत उतारच उतार. उबुड डोंगराळ आहे आणि विमानतळापासून दूर. रस्ते अरुंद असल्यामुळे अंतर थोडे दिसले तरी वेळ दीड-दोन तास लागतो, आणि मोठी बस अनेक गल्ल्यांत जातच नाही. नुसा दुआ सपाट आहे, रस्ते रुंद आहेत, मोठ्या हॉटेलांत लिफ्ट आणि चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प असतो, आणि विमानतळापासून समुद्रावरच्या टोल रस्त्याने लवकर पोहोचता येते. आम्ही केवळ ज्येष्ठांसाठी नुसा दुआ निवडले. छायाचित्रांसाठी वधू-वर एक दिवस उलुवातूला जाऊन आले.

हॉटेल पाहायला कोणी जाणार असेल तर त्याने आईच्या पावलांनी चालून पाहावे : गाडी थांबते तिथून खोली, खोलीपासून भोजनकक्ष, भोजनकक्षापासून मांडव. वाटेत किती पायऱ्या, कठडा आहे का, रात्री उजेड आहे का, न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, हे चित्रफितीत दिसत नाही. विमानतळावरील चाकाच्या खुर्चीची नोंद तिकीट काढतानाच करावी आणि निघण्याच्या दोन दिवस आधी दूरध्वनी करून खात्री करावी. मधल्या विमानतळावरही ती मिळेल ना, हेही विचारावे.

शाकाहाराबाबत नेमके सांगते. तिथल्या स्वयंपाकात तेरासी, म्हणजे कोळंबीपासून केलेला आंबवलेला गोळा, फार ठिकाणी असतो. साधा वाटणारा सांबल, म्हणजे मिरचीची चटणी, परतलेली भाजी, भात, अगदी भाज्यांवरची शेंगदाण्याची चटणीसुद्धा त्यातून सुटत नाही, आणि वर कोळंबीचे पापड ठेवलेले असतात. ‘मांस नको’ म्हटल्याने भागत नाही. मासळी, कोळंबी, अंडे आणि तेरासी नको, असे चारही शब्द उच्चारावे लागतात. आम्ही इंडोनेशियन भाषेतील एक छोटी चिठ्ठी छापून प्रत्येक शाकाहारी पाहुण्याच्या गळ्यातील ओळखपत्राच्या मागे लावली. हॉटेलात वेगळी कढई आणि वेगळे तेल लिहून घेतले. तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणि टोफू तिथे मुबलक मिळतात आणि आमच्या ज्येष्ठांना तेंपे मनापासून आवडले. शिवाय सकाळी सातला चहा आणि पोहे-उपमा यांची सोय केली. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते, त्यामुळे पहिल्या दिवशी ज्येष्ठांची भूक आणि झोप यांचा मेळ बसत नाही. खोलीत थोडा कोरडा फराळ असलेला बरा.

सह्यवारा

गुरुजी आणि आचारी यांच्याविषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. ते पाहुण्यांच्या यादीत असतात, पण नियमाच्या दृष्टीने पाहुणे नसतात. पोहोचल्यावर मिळणारा व्हिसा फिरण्यासाठी किंवा नातेवाइकांना भेटण्यासाठी असतो. त्यावर मोबदला घेऊन काम करता येत नाही. छायाचित्रकार, मेहंदीवाल्या, केशभूषाकार, आचारी, सगळ्यांना हे लागू आहे. बालीतील इमिग्रेशन अधिकारी याबाबत कडक आहेत आणि पर्यटक व्हिसावर काम करणाऱ्यांना परत पाठवतात. म्हणून एकतर तिथल्या परवानाधारक व्यवस्थापकामार्फत त्यांच्यासाठी योग्य प्रकारचा व्हिसा काढावा, किंवा तिथलीच माणसे घ्यावीत. हसतहसत ‘विचारले तर मामा आहेत म्हणून सांगा’ असा सल्ला देणारे भेटतात. अशा सल्ल्याने दुसऱ्याच्या पोटावर पाय येतो, हे लक्षात ठेवावे.

पूजासाहित्याचेही असेच. सुके खोबरे ज्वालाग्राही म्हणून विमानाच्या सामानात चालत नाही, कापूर चालत नाही, काडेपेटी चालत नाही. ताजी फुले, आंब्याची पाने, नारळ, बी-बियाणे यांना तिथे उतरल्यावर वनस्पती तपासणीचे प्रमाणपत्र विचारतात. आणि हे न्यायचे कशासाठी? बालीत घराघरांत रोज फुलांचा नैवेद्य मांडला जातो. झेंडू, चाफा, केळीची पाने, शहाळी, विड्याची पाने, हळद, तांदूळ सगळे तिथल्या सकाळच्या बाजारात ताजे मिळते. इथून अंतरपाट, मुंडावळ्या, तांब्याचा कलश, जानवी, मंगळसूत्र आणि रुखवतातील हलक्या वस्तू न्याव्यात. बाकीची यादी तिथल्या व्यवस्थापकाला छायाचित्रांसह द्यावी.

तगर

सह्यवारा, अगदी खरे. आमच्या काकूंनी पिशवीच्या तळाशी खोबऱ्याच्या दोन वाट्या आणि कापराची डबी ठेवली होती, ओटीसाठी. सुरक्षा तपासणीत पिशवी उघडली, वाट्या काढून घेतल्या, आणि काकू इतक्या कष्टी झाल्या की विमानात बसेपर्यंत बोलल्या नाहीत. ओटीचे सामान काढून घेतले गेले ही त्यांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. नुसा दुआला पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी बाजारातून ताजा नारळ आणून त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. पाहुण्यांच्या पत्रात ‘काय आणू नये’ हा परिच्छेद ‘काय आणावे’ याच्या आधी घालावा, असे मला त्यानंतर वाटू लागले.

मुक्काम_पोस्ट

मी सनदी लेखापाल आहे, म्हणून पैशांच्या एका बाजूविषयी लिहितो. तिकीट आणि हॉटेल एकत्र असलेले परदेशी सहलीचे पॅकेज घेतले की विक्रेता त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, गोळा करतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के असा दर होता, १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा दहा लाख झाली, आणि २०२६ च्या अर्थसंकल्पाने रकमेची अट काढून सरसकट २ टक्के दर आणला. नुसते विमानाचे तिकीट घेतले तर ते पॅकेज ठरत नाही.

हा कर ज्याच्या पॅनवर गोळा होतो त्याच्या नावे जमा होतो आणि विवरणपत्रात त्याला वळता करून घेता येतो. म्हणून वधूपित्याने सर्व पाहुण्यांचे पॅकेज आपल्या पॅनवर घेऊन नंतर प्रत्येकाकडून पैसे जमा केले, तर हिशेब गुंतागुंतीचा होतो : खर्च पाहुण्याचा, कराची जमा यजमानाच्या नावावर, आणि खात्यात नातेवाइकांकडून आलेल्या रकमांचा ढीग. ज्याचा खर्च त्याच्या पॅनवर, हा नियम पाळावा. निवृत्त मामा-मामींचे उत्पन्न करपात्र नसेल, तर त्यांना तो पैसा परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावे लागेल. त्यांना ते आधी सांगावे आणि घरातील कोणीतरी ते भरून द्यावे.

गटाच्या तिकिटांविषयीही एक सूचना. साधारण दहा किंवा अधिक प्रवासी असतील तर विमान कंपन्या गटदर देतात. तो नेहमी स्वस्त असतोच असे नाही. त्याचा खरा फायदा असा की थोडी रक्कम भरून जागा धरता येतात आणि नावे नंतर देता येतात, म्हणजे ज्यांचे पासपोर्ट यायचे आहेत त्यांच्यासाठी सोय होते. मात्र काही जण गळाले तर किती रक्कम परत मिळते, ते वाचूनच सही करावी.

निवांत_वाचक

सर्व माहिती मोलाची आहे. तरीही मला एक वाटते ते लिहितो. आपल्या लग्नाला गावातला न्हावी, शाळेतले गुरुजी, शेजारच्या आजी, सगळे यायचे. परदेशातील लग्नात पासपोर्ट असलेलेच येतात. कितीही चांगले नियोजन केले तरी यादीतून काही माणसे आपोआप वगळली जातात, आणि ती बहुधा गरीब किंवा म्हातारी असतात. यजमानांनी याचा विचार करायला नको का?

तगर

करायलाच हवा, आणि तुमचे म्हणणे मला पूर्ण पटते. आम्ही घरात यावर पुष्कळ बोललो. भाचीचा नवरा आणि त्याची बहुतेक मित्रमंडळी वेगवेगळ्या देशांत आहेत, त्यांना बाली मध्यावर पडत होते, हे एक कारण. पण साताऱ्याची आमची माणसे त्या हिशेबात कुठेच नव्हती. म्हणून तीन गोष्टी ठरल्या. ज्या जवळच्या नातेवाइकांना खर्च झेपणार नव्हता त्यांची तिकिटे आम्ही काढली, आणि ते फक्त त्यांना आणि आम्हाला ठाऊक राहिले. ग्रहमख, देवक आणि केळवण साताऱ्याच्या घरी झाले, जेणेकरून गावातील माणसे कार्यात असावीत. आणि पुण्याचा स्वागतसमारंभ नंतर उरकायचा म्हणून न करता, वधू-वरांना प्रत्येक टेबलाशी निवांत बसता येईल इतका सावकाश ठेवला. विवाह नोंदणीही आम्ही इथेच केली. परदेशातील कागदपत्रांचा खटाटोप त्यामुळे वाचला. यात सगळी भरपाई होते असा माझा दावा नाही. ज्यांना हेही शक्य नसेल त्यांनी लग्न इथेच करावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

ओवा

मी डॉक्टर आहे. ज्येष्ठांच्या औषधांविषयी कृपया दुर्लक्ष करू नये. सर्व गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. इन्सुलिन तर कधीही सामानाच्या डब्यात टाकू नये. इंडोनेशियात अमली पदार्थांचे कायदे अतिशय कठोर आहेत, त्यामुळे झोपेच्या गोळ्या, चिंता कमी करणारी औषधे, कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके चिठ्ठीशिवाय नेऊच नयेत. शेजाऱ्यांनी दिलेल्या सुट्या गोळ्या पिशवीत असता कामा नयेत.

बालीत रेबीज आहे. उलुवातूच्या मंदिरातील माकडे चष्मे आणि टोप्या पळवतात, ती परत घेण्याच्या झटापटीत ओरखडा उठतो आणि लोक तो हसण्यावारी नेतात. माकड किंवा कुत्रा चावला, ओरखडला, तर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुऊन त्याच दिवशी लस सुरू करावी. डासांपासून डेंग्यूही होतो, म्हणून संध्याकाळच्या कार्यक्रमात मलम प्रत्येक टेबलावर असावे. नळाचे पाणी दात घासायलाही वापरू नये.

विमा घेताना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार हे खरे लिहावे. स्वस्त विम्यात आधीचे आजार वगळलेले असतात आणि गरज पडते ती नेमकी त्यांसाठीच. शिवाय तो तिकिटाबरोबरच घ्यावा. फ्लोरेस बेटावरील लेवोतोबी ज्वालामुखीमुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा जून २०२५ मध्ये बालीची अनेक उड्डाणे रद्द झाली. दिल्लीहून निघालेले एक विमान तेव्हा अर्ध्या वाटेवरून परतले. राख उडाल्याची बातमी आल्यावर काढलेला विमा त्या घटनेसाठी सहसा उपयोगी पडत नाही.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. आईला नुसा दुआचे सांगितले, तिने लगेच ‘मग मी येते’ म्हटले. आता एकच विचारते. निघायच्या आदल्या आठवड्यात नेमके काय काय उरते, आणि ते पाहुण्यांपर्यंत कसे पोहोचवावे? आमच्या गटात दिवसाला शंभर संदेश येतात आणि महत्त्वाचे वाहून जाते.

तगर

म्हणूनच दोन गट करावेत. एक गप्पांचा, दुसरा फक्त सूचनांचा, ज्यात दोनच माणसे लिहू शकतील. पासपोर्टची छायाचित्रे कोणत्याही गटात टाकू देऊ नयेत. ती एकाच जबाबदार व्यक्तीकडे वेगळी पाठवावीत आणि काम झाल्यावर पुसून टाकावीत. ज्यांना भ्रमणध्वनीवर वाचणे जड जाते त्यांच्यासाठी एक मोठ्या अक्षरांतील छापील पान करावे. आमच्या पानावर विमानांच्या वेळा, हॉटेलचे नाव-पत्ता, आमच्या दोन माणसांचे क्रमांक आणि विमानतळावर न्यायला येणाऱ्याच्या हातातील फलकाचे चित्र एवढेच होते.

शेवटच्या आठवड्यातील मुख्य काम म्हणजे इंडोनेशियाचा आगमन अर्ज. २०२५ च्या शरद ऋतूपासून आरोग्य आणि सीमाशुल्क यांची माहिती ‘ऑल इंडोनेशिया’ या एकाच अर्जात भरावी लागते. तो विनामूल्य आहे आणि पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतो. म्हणजे हे काम आधी उरकून ठेवता येत नाही. आम्ही प्रत्येक घरातील एका तरुणाकडे त्याच्या घरातील ज्येष्ठांचे अर्ज सोपवले आणि त्यातून आलेला क्यूआर कोड छापून पासपोर्टमध्ये ठेवायला सांगितला. आगमनाच्या रांगेत भ्रमणध्वनीची बॅटरी संपलेले लोक मागे राहतात, छापील कागदवाले पुढे जातात.

पॉवर बँक हातातल्या पिशवीत, तूप-लोणची-चटण्या सामानाच्या डब्यात, हे सर्वांना पुन्हा एकदा कळवावे. रुपियातील शून्यांमुळे ज्येष्ठ गांगरतात, म्हणून पन्नास हजार आणि एक लाख रुपियाची नोट म्हणजे आपले साधारण किती रुपये, हे त्याच पानाच्या मागे लिहावे.

आणि दागिन्यांचे. लग्नासाठी अंगावरचे जुने सोने घेऊन जाणाऱ्या स्त्रिया परतताना सीमाशुल्काच्या प्रश्नांत अडकू शकतात, कारण ते सोने परदेशात घेतलेले नाही हे तोंडी सांगून चालत नाही. निघताना विमानतळावरील सीमाशुल्क कक्षात दागिने दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यासाठी मूल्यांकनाचा कागद आणि छायाचित्रे जवळ असावीत, आणि एक तास जादा हाताशी ठेवावा. आमच्याकडच्या ज्या बायकांनी ते घेतले होते त्या परतताना कागद दाखवून लगेच बाहेर आल्या. ज्यांना एवढी दगदग नको त्यांनी मंगळसूत्र आणि दोन बांगड्या एवढेच घालावे व बाकी हार घरी ठेवून यावेत. तिथे झेंडूच्या माळा इतक्या सुंदर मिळतात की कोणाचे गळे मोकळे दिसले नाहीत.